काजळीवर उमटलेली नाडी

अतिदक्षता विभागात कुणाच्या उशाशी रात्र काढण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला तेथील पडद्यावरची हिरवी रेषा सहसा विसरता येत नाही. रुग्ण झोपलेला असतो, डॉक्टर दुसऱ्या खाटेपाशी असतात, परिचारिका नोंदी लिहीत असते आणि आपण मात्र त्या रेषेकडे टक लावून बसलेले असतो. रेषा वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, म्हणजे सारे ठीक. बोटाला लावलेला चिमटा जरा निसटला की यंत्र केकाटू लागते आणि आपल्याच काळजात धस्स होते. शरीराच्या आत चाललेली हालचाल बाहेर रेषेच्या रूपाने उमटावी आणि आजाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याऐवजी माणसाने त्या रेषेकडे पाहावे, ही सवय जगाला लागून फार तर पावणेदोनशे वर्षे झाली असतील. ती लावण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, ते एतियेन-ज्यूल मारे आपल्याकडे ठाऊक असलेच तर चित्रपटाच्या इतिहासातील एक पूर्वसूरी म्हणून. लुमिएर बंधूंच्या आधी हालचालींची चित्रमालिका टिपणारा फ्रेंच गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख. ते मूळचे डॉक्टर होते आणि पुढचा सारा प्रपंच त्यांनी रुग्णाच्या मनगटापासून सुरू केला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन या गावी झाला. गाव द्राक्षमळ्यांचे. वडील वाइनच्या एका पेढीत कामाला होते. गावाची कीर्ती दोन गोष्टींसाठी, एक तिथली वाइन आणि दुसरे १४४३ साली स्थापन झालेले धर्मार्थ रुग्णालय. या रुग्णालयाच्या लांबलचक दालनात गोरगरीब आजाऱ्यांच्या खाटा दोन्ही भिंतींलगत ओळीने मांडलेल्या असत आणि पडल्या पडल्या वेदीचे दर्शन व्हावे म्हणून दालनाच्या टोकाला प्रार्थनामंदिर. रुग्णांवर लक्ष ठेवण्याचे काम तेथील धर्मभगिनींचे. त्यांच्यापाशी साधने तीन, डोळे, कान आणि तळहात. ताप चढला की उतरला हे हात सांगे, श्वास लागला हे कान सांगे आणि पहाटे एखादी खाट शांत झाली तर ते डोळ्यांना दिसे.

एकुलत्या एक मुलाने धर्मगुरू व्हावे असे आईला वाटे, वडिलांची इच्छा त्याने डॉक्टर व्हावे अशी होती आणि मुलाला व्हायचे होते इंजिनिअर. अखेर वडिलांचे चालले. १८४९ साली मारे वैद्यकाच्या शिक्षणासाठी पॅरिसला आले. पण मनातला इंजिनिअर काही गेला नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी शरीराकडे पाहिले ते यंत्राकडे पाहावे तसे. पंप, झडपा, नळ्या, तरफा, स्प्रिंगा. या दृष्टीत एक प्रकारचा कोरडेपणा आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु त्या काळच्या वैद्यकात शब्दांचा जो पसारा माजला होता, तो पाहता थोडा कोरडेपणा हवाच होता.

त्या काळी डॉक्टर नाडी कशी पाहत? बोटांनी. आपल्याकडे वैद्यांच्या तीन बोटांखाली वात, पित्त आणि कफ यांच्या गती ओळखल्या जात, तशीच युरोपातही नाडीच्या गुणांची लांबलचक यादी होती. कठीण नाडी, मृदू नाडी, उड्या मारणारी, दोरीसारखी, उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होत जाणारी. मुरलेल्या वैद्याचे बोट खरोखरच पुष्कळ काही ओळखते, यात शंका नाही. अडचण अशी, की ते ज्ञान त्या बोटाबरोबरच संपते. गुरूला जे जाणवले तेच शिष्याला जाणवले का, हे ताडून पाहण्याचा मार्ग नाही. काल सकाळची नाडी आणि आज सकाळची नाडी शेजारी ठेवून पाहता येत नाही, कारण कालची नाडी कालच विरून गेलेली असते. मारे यांच्या मनाने नेमका हा मुद्दा धरला. हालचाल क्षणात नाहीशी होते, तेव्हा तिला स्वतःच्या हाताने काहीतरी लिहून ठेवायला लावले पाहिजे.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. जर्मनीत कार्ल लुडविग यांनी १८४७ च्या सुमारास फिरत्या दंडगोलावर रक्तदाबाची रेषा उमटवणारे यंत्र तयार केले होते. पण त्यासाठी प्राण्याची धमनी उघडावी लागे. आजाऱ्या माणसावर असे करणे शक्य नव्हते. कार्ल फिअरोर्ट यांनी १८५४ च्या सुमारास त्वचेवरूनच नाडी टिपणारे यंत्र बनवले, मात्र ते अवजड होते. तरफांचा आणि वजनांचा तो डोलारा नाडीच्या नाजूक ठोक्याबरोबर हलायचा खरा, पण स्वतःच्याच जडत्वाने हेलकावे खात. नाडीतले बारकावे त्यात बुडून जात आणि कागदावर उरे ती एकसारखी लाट.

मारे यांनी १८५९-६० च्या सुमारास जे यंत्र तयार केले, ते हाताला बांधता येण्याजोगे होते. मनगटाच्या धमनीवर एक पातळ स्प्रिंग टेकलेली, तिच्यावर हलकीशी लांब काडी आणि काडीच्या टोकाशी घड्याळाच्या यंत्रणेने सरकणारी, दिव्याच्या काजळीने काळी केलेली पट्टी. नाडी उडाली की स्प्रिंग किंचित उचलली जाई, काडी ती हालचाल अनेक पटींनी मोठी करी आणि काजळीवर बारीक पांढरी रेषा ओढली जाई. हलकेपणा हेच या यंत्राचे मर्म. काडीला स्वतःचे वजन जवळजवळ नसल्याने ती मधेच आपले काही घालत नसे. यंत्र घडवले ब्रेगे या नामांकित घड्याळजी घराण्याने. एका वेळी काही सेकंदांचीच नाडी त्यावर मावे, पण त्या काही सेकंदांत प्रत्येक ठोक्याचा चढ, उतार आणि उतारावरचा तो छोटासा दुसरा उंचवटा स्वच्छ दिसू लागला. महाधमनीची झडप गळत असेल तर रेषा एकदम वर जाऊन एकदम कोसळे. हृदयाची लय बिघडलेली असेल तर दोन ठोके एकमेकांसारखे नसत. १८६३ साली त्यांनी रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा रुग्णांच्या नाड्या छापलेल्या आहेत. ती माणसे केव्हाच गेली, त्यांच्या काही ठोक्यांची नोंद मात्र आजही पाहायला मिळते.

तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारातील एक आख्यायिका याच संदर्भात सांगितली जाते. मारे यांनी तेथे यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले, एका दरबाऱ्याची रेषा त्यांना वेडीवाकडी दिसली आणि थोड्याच दिवसांत तो गृहस्थ अंथरुणात मृतावस्थेत आढळला. प्रत्येक नव्या यंत्राभोवती अशा कथा जमतात. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे, की यंत्र झपाट्याने प्रसिद्ध झाले आणि तितक्याच झपाट्याने डॉक्टरांच्या तक्रारीही सुरू झाल्या. मनगटावर ते एखाद-दोन धाग्यांएवढे इकडेतिकडे बसले की रेषा बदले. स्प्रिंग जरा जास्त आवळली की नाडी वेगळी दिसे. यंत्र बोटांच्या मर्यादेतून सोडवणार होते, पण ते बांधायला पुन्हा कसबी बोटेच लागू लागली. शिवाय ठोक्याचा आकार कळला तरी रक्ताचा दाब किती, हा आकडा त्यातून मिळत नव्हता.

या उणिवेवर लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये ज्याने मेहनत घेतली, त्याचे नाव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल. फ्रेडरिक अकबर महोमेद. पाटण्याहून ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेमार्गे इंग्लंडला गेलेल्या, लंडनमध्ये १८१० साली हिंदुस्थानी खाणावळ काढणाऱ्या आणि नंतर ब्रायटनच्या साहेबलोकांना आपली चंपी शिकवणाऱ्या शेख दीन महोमेद यांचा हा नातू. १८७२ साली विद्यार्थिदशेतच त्याने मारे यांच्या यंत्रात सुधारणा करून नाडीवर किती दाब दिला जात आहे हे मोजण्याची सोय केली. त्या यंत्राच्या साह्याने त्याला असे आढळले, की मूत्रपिंडे धडधाकट असलेल्या माणसांतही रक्तदाब वाढलेला असू शकतो. आज घरोघरी असलेल्या या विकाराचे ते पहिल्या काही वर्णनांपैकी एक. १८८४ साली वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी विषमज्वराने त्याचा अंत झाला. त्याच्या वाट्याला आणखी वीस वर्षे आली असती तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

इकडे मारे यांचे लक्ष मनगटावरून हृदयाकडे वळले होते. हृदयाचा ठोका छातीवर जाणवतो तो नेमका कोणत्या क्षणी, हृदय आकुंचन पावताना की रक्ताने भरताना, यावर पॅरिसच्या वैद्यकवर्तुळात जोरदार वाद चालू होता. बो नावाचे प्रतिष्ठित डॉक्टर भरतानाच्या बाजूचे होते. वाद शब्दांनी मिटणारा नव्हता. लिऑन येथील पशुवैद्यकाचे प्राध्यापक ओग्युस्त शोवो यांच्याबरोबर मारे यांनी १८६१ पासून घोड्यांवर प्रयोग केले. मानेच्या शिरेतून रबरी फुग्यांची नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यांपर्यंत सरकवायची, छातीवर तिसरा फुगा ठेवायचा आणि तिन्ही ठिकाणच्या हालचाली एकाच कागदावर एकाखाली एक उमटवायच्या. घोडा या वेळी शुद्धीवर, आपल्या पायांवर उभा असे. कागदावरील तीन रेषांनी निकाल दिला. ठोका आकुंचनाच्या क्षणीच पडतो. याच प्रयोगांच्या वर्णनांतून पुढे १९२९ साली जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरला स्वतःच्या दंडातील शिरेतून हृदयापर्यंत नळी घालण्याचे धाडस सुचले. १९५६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेल्या तिघांत तो होता.

या प्रयोगांतून मारे यांच्या हाती एक साधन आले आणि पुढची पंधरावीस वर्षे त्यांनी ते अक्षरशः दिसेल त्याला लावले. ते म्हणजे धातूची उथळ डबी आणि तिच्यावर ताणून बसवलेला रबरी पडदा. छोटी टिमकीच म्हणा ना. फ्रेंच भाषेतील तिच्या नावाचा अर्थही तोच. अशा दोन टिमक्या रबरी नळीने जोडल्या की एकीवर पडलेला दाब नळीतल्या हवेतून दुसरीवर पोहोचतो आणि तिथली काडी हलते. म्हणजे हालचाल एका जागी आणि तिची नोंद दुसऱ्या जागी. छातीभोवती पट्टा बांधून श्वासाची रेषा मिळाली, दंडावर लावून स्नायूची. आजच्या रुग्णालयांतील संवेदक, ज्यांना आपण सेन्सर म्हणतो, त्यांत हवेऐवजी वीज असते. तत्त्व म्हणाल तर तेच.

वैद्यकीची पदवी १८५९ सालीच हाती आली होती. मारे यांनी मध्यंतरी दवाखानाही थाटून पाहिला होता, तो चालला नाही. १८६४ मध्ये त्यांनी पॅरिसच्या जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत बिऱ्हाड केले आणि तिथेच स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. रंगभूमीच्या जागी आता कबुतरे, बेडूक, मासे आणि साप, मध्ये पसरलेल्या नळ्या नि काजळीने माखलेले दंडगोल. प्रख्यात छायाचित्रकार नादार हे त्यांचे स्नेही. त्यांनी या अजब घराचे वर्णन करून ठेवले आहे. १८६९ मध्ये कॉलेज द फ्रान्सचे प्राध्यापकपद मिळाले तरी मारे यांचा पिंड वर्गात रमणाऱ्याचा नव्हता, कारागिराचा होता.

हृदयानंतर पाळी आली पायांची. माणूस चालतो म्हणजे नेमके काय करतो? मारे यांनी जाड तळव्याचे जोडे करवले. तळव्यात हवेची पोकळी, तिच्यातून निघालेली नळी पायावरून वर हातातल्या नोंदयंत्राकडे. चालणारा स्वतःच आपल्या चालीचा लेखक. पाऊल टेकले की रेषा वर, उचलले की खाली. उजव्या आणि डाव्या पायांच्या दोन रेषा शेजारी ठेवल्या की कोणता पाय किती वेळ भार घेतो, दोन्ही पाय एकदम जमिनीवर किती वेळ असतात, धावताना दोन्ही पाय किती वेळ हवेत असतात, हे सारे मोजता येऊ लागले. लंगडणारा माणूस दुखऱ्या पायावर कमी वेळ थांबतो हे कुणालाही डोळ्यांनी दिसते. किती कमी, हे सांगणे आता शक्य झाले. आज पक्षाघाताच्या किंवा कंपवाताच्या रुग्णाच्या कमरेला वा बुटात संवेदक बसवून त्याची चाल तपासतात आणि तो पडण्याचा धोका किती याचा अंदाज बांधतात, त्या विद्येचा पणजोबा म्हणजे हा हवेचा जोडा.

मग घोड्याच्या खुरांखालीही रबरी चेंडू बसले. नोंदयंत्र स्वाराच्या हातात. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात, हे मारे यांच्या रेषांनी दाखवून दिले आणि १८७३ सालच्या 'ला माशीन आनिमाल', अर्थात प्राणियंत्र, या त्यांच्या पुस्तकातून ते जगासमोर आले. कॅलिफोर्नियाचे धनाढ्य लेलंड स्टॅनफर्ड यांच्या वाचनात हे पुस्तक आले होते असे म्हणतात. त्यांनी एडवर्ड मायब्रिज यांच्याकडून धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे काढवून घेतली. १८७८ च्या अखेरीस ती चित्रे फ्रान्समध्ये छापून आली, तेव्हा मारे यांना आनंद झाला आणि त्याबरोबर एक गोष्ट लखकन उमगली. टिमकी लावायची तर शरीराला स्पर्श करावा लागतो. पट्टा बांधला की श्वास बदलतो, जोडा जड झाला की चाल बदलते आणि उडत्या पक्ष्याला तर किती नळ्या लावणार? प्रकाशाचे तसे नाही. तो शरीराला धक्का न लावता नोंद घेतो.

मारे यांचे हिवाळे इटलीत, नेपल्सजवळच्या पोझिलिपो येथील घरात जात. ते अविवाहित राहिले. ज्या विवाहित स्त्रीशी त्यांचा दीर्घ स्नेह होता, तिच्यापासून झालेली फ्रांचेस्का ही मुलगी जगासमोर पुतणी म्हणून वावरत असे. प्रत्येक ठोक्याची उघड नोंद मागणाऱ्या या माणसाने आपल्या आयुष्यातील ही नोंद मात्र झाकून ठेवली. याच पोझिलिपोत १८८२ साली ते खांद्याला बंदूक लावून समुद्रपक्ष्यांवर नेम धरताना दिसू लागले. घोडा ओढला जाई, आवाज होई, पक्षी मात्र खुशाल उडत राही. नाव मारे असले तरी त्या बंदुकीत गोळी नव्हती, काच होती. एका सेकंदात बारा चित्रे आणि प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत येण्याचा अवधी एका सेकंदाचा ७२० वा भाग. खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण टिपण्यासाठी बनवलेल्या यंत्रावरून ही कल्पना घेतली होती. गावकऱ्यांनी या पाहुण्याला वेड्यात काढले होते, असे सांगतात.

त्याच वर्षी पॅरिसच्या कडेला, बुआ द बुलोन्यच्या बाजूस, नगरपालिकेच्या आणि सरकारच्या साह्याने त्यांचे शरीरक्रिया केंद्र उभे राहिले. ५०० मीटरची वर्तुळाकार धावपट्टी, तिच्याभोवती तारेचे खांब. चालणारा माणूस दर ५० मीटरवरच्या खांबापाशी पोहोचला की विजेचा संपर्क होई आणि आत प्रयोगशाळेत बसलेल्या यंत्रावर त्याची खूण उमटे. चालणाऱ्याकडे कुणी पाहत नसताना त्याच्या वेगाचा आलेख तयार होत असे. सैनिकांनी किती ठेक्यात पावले टाकली म्हणजे कमी दमतील, असले प्रश्न त्यातून सोडवले जात. लष्कराला याची गोडी लागली हे सांगायला नकोच.

पण मला विचाराल तर या केंद्रातील सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे एक काळा पोशाख. एकाच काचेवर चालत्या माणसाची अनेक चित्रे घेतली की ती एकमेकांवर चढून गिचमिड होई. १८८३ च्या सुमारास मारे यांनी माणसाला नखशिखांत काळे कपडे चढवले, डोक्यावर काळा टोप दिला आणि हातापायांवर फक्त पांढऱ्या पट्ट्या नि सांध्यांवर चकचकीत ठिपके लावले. काळ्या मखमलीच्या खोल दालनासमोरून तो चालत गेला की छायाचित्रात माणूस उरतच नसे. उरत त्या रेषांच्या जुड्या, गुडघ्याच्या, कोपराच्या, खांद्याच्या. आजच्या संगणकपटांतील पात्रांना हालचाल देण्यासाठी नट जे ठिपक्यांचे कपडे घालतात आणि रुग्णालयांतील चालतपासणीच्या दालनांत रुग्णाच्या सांध्यांवर जे परावर्तक गोळे चिकटवतात, त्यांची वंशावळ येथपर्यंत येऊन पोहोचते.

या तंत्राचा रुग्णांसाठी उपयोग केला तो मारे यांचे साहाय्यक जॉर्ज देमेनी आणि शल्यविशारद केन्यू यांनी. १८८८-८९ च्या सुमारास चालण्यात दोष असलेल्या रुग्णांच्या सांध्यांवर त्यांनी विजेचे लहान दिवे बांधले आणि अंधारात त्यांना चालायला लावले. काचेवर प्रकाशाच्या नागमोडी ओळी उमटल्या. निरोगी माणसाच्या लाटा एका लयीत, रुग्णाच्या कुठे दबलेल्या, कुठे एकीकडे झुकलेल्या. ही छायाचित्रे दिसायला अतिशय सुंदर आहेत आणि म्हणूनच ती पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते. त्या प्रत्येक वळणात कुणाचे तरी दुखणे आहे. त्याच काळात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या विभागात आल्बेर लाँद हेही रुग्णांची वेगवान छायाचित्रे घेत होते. तिथे झटक्यांनी वाकलेली शरीरे आणि पिळवटलेले चेहरे प्रेक्षकांसमोर येत. मारे यांच्या केंद्रातील चित्रांत चेहराच नाही. यात रुग्णाची अब्रू राखली गेली की रुग्णच पुसला गेला? मला वाटते, दोन्ही झाले. आजही खाटेखालची संवेदक गादी रुग्ण उठून बसल्याची वर्दी देते, पण तो पाणी प्यायला उठला की भीतीने, हे तिला कळत नाही. ते विचारायला माणूस जावे लागते. मारे यांच्या समर्थनार्थ इतके म्हणता येईल, की त्यांनी रेषेला रुग्णाची जागा कधी देऊ केली नाही. रुग्णाविषयी भांडणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडी मतांची जागा तिने घ्यावी, एवढाच त्यांचा आग्रह होता.

१८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी कागदी फिल्मच्या पट्टीवर घेतलेली चित्रमालिका विज्ञान अकादमीपुढे ठेवली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात एडिसन त्यांना भेटले आणि मारे यांनी आपले काम त्यांना दाखवले. चलत्चित्राचा दरवाजा असा त्यांच्याच हाताने उघडला गेला, पण त्यातून आत जावे असे त्यांना वाटले नाही. डोळ्याला एरवी दिसते तेच पडद्यावर पुन्हा दाखवण्यात विज्ञानाला काय लाभ, असा त्यांचा साधा हिशेब होता. देमेनी यांना मात्र त्यात धंदा दिसत होता. चौदा-पंधरा वर्षांचा सहवास, शेकडो प्रयोग, आणि १८९४ साली दोघांची कायमची फारकत झाली. दोष एकट्याचा नसावा. मारे यांना साहाय्यक हवा होता आणि देमेनी यांना भागीदारी. पुढल्या वर्षी २८ डिसेंबर रोजी लुमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ केला आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १८९५ साली मारे विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. त्याआधीच्या वर्षी उलटी सोडलेली मांजर हवेतल्या हवेत वळून चार पायांवर कशी उतरते, याची चित्रे दाखवून त्यांनी अकादमीतील गणितज्ञांची झोप उडवली होती.

अखेरच्या काळात त्यांना एका रुक्ष प्रश्नाने घेरले होते. प्रत्येक देशातील, प्रत्येक प्रयोगशाळेतील यंत्र निराळे. मग एका ठिकाणची रेषा दुसऱ्या ठिकाणच्या रेषेशी ताडायची कशी? नाडीयंत्राविषयी डॉक्टरांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी केलेली तक्रार ते विसरले नसावेत. १८९८ साली केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी यंत्रांच्या प्रमाणीकरणाचा प्रस्ताव मांडला आणि त्यातून त्यांच्या केंद्राशेजारीच मारे इन्स्टिट्यूट उभी राहिली. मे १९०४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. हृदयाची विद्युत् हालचाल त्यांनी १८७६ सालीच, लिपमान यांच्या विद्युत्‌मापकाच्या साह्याने, प्राण्याच्या हृदयावरून छायाचित्रात टिपली होती. माणसाच्या हृदयाचा वापरण्याजोगा विद्युत् आलेख हॉलंडच्या आइन्टहोवेन यांनी मारे यांच्या हयातीतच सिद्ध केला, आणि अतिदक्षता विभागातली ती हिरवी रेषा त्याच आलेखाची.

इन्स्टिट्यूटची इमारत पुढे पाऊण शतक टिकली. १९७० च्या दशकाच्या शेवटी ती पाडण्यात आली, कारण शेजारच्या रोलाँ गारो टेनिस मैदानाला विस्तारासाठी जागा हवी होती. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, याचा निवाडा इतर बहुतेक मोठ्या स्पर्धांत आता कॅमेऱ्यांवर सोपवलेला आहे. रोलाँ गारोवर मात्र २०२५ सालीही रेषापंच उभे होते आणि शंका आली की मुख्य पंच खुर्चीवरून उतरून, लाल मातीवर चेंडूने उमटवलेला ठसा वाकून पाहत होते.